वस्तीवर राहणाऱ्या पहिली-तिसरीच्या मुलांना टॅबवरून शिकवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ सांगोला तालुक्यात रानात वस्तीवर राहतो, त्याची एक मुलगी तिसरीत, मुलगा पहिलीत. गावातली शाळा लांब, पाऊस झाला की ओढा आडवा येतो, त्यामुळे शाळा बुडते. म्हणून तुम्ही पुण्याहून टॅब पाठवणार आहात आणि त्यात कुठलं ॲप टाकू असं विचारताय.

ॲपचं शेवटी सांगतो. आधी माझा उलटा प्रश्न. टॅब पोहोचल्यावर त्या पोरांशेजारी रोज तासभर बसणार कोण? याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कुठलंही ॲप चालेल. नसेल तर महिनाभरात त्या टॅबवर गेम आणि कार्टून सुरू झालेली असतील, आणि त्यात पोरांचा काही दोष नसेल.

मी याच जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. आमच्या पटावरची निम्मी पोरं वस्त्यांवरून येतात. आपल्याकडे गाव म्हणजे चार रस्ते आणि देऊळ, माणसं सगळी आपापल्या रानात पांगलेली. त्यामुळे लांबून शिकवण्याचा प्रकार आम्हाला करोनाच्या आधीपासून थोडाफार माहीत होता, पण तो उघडा पडला 2020 मध्ये.

शाळा मार्च 2020 मध्ये बंद झाल्या. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले 1 डिसेंबर 2021 ला. म्हणजे जून 2020 ला ज्याचं नाव पहिलीत घातलं, तो वर्गात पहिल्यांदा बसला तेव्हा दुसरीचं अर्धं वर्ष सरत आलं होतं. मधल्या काळात आम्ही व्हॉट्सॲप ग्रुप केले, अभ्यासाच्या पीडीएफ टाकल्या, व्हिडिओच्या लिंका टाकल्या. घरात स्मार्टफोन एक, तो बापाच्या खिशात. बाप दिवसभर डाळिंबाच्या बागेत नाहीतर मार्केटला. संध्याकाळी आठला फोन घरी आला की बॅटरी दहा टक्के, आणि पोरगं पेंगलेलं. वह्यांचे फोटो मात्र वेळेवर यायचे. अक्षर बघितलं की कळायचं, थोरल्या बहिणीने लिहून दिलंय. सहावीतल्या मुलीचं वळण पहिलीतल्या पोराच्या वहीत लपत नाही.

त्या काळात काही गोष्टी कामालाही आल्या. सह्याद्री वाहिनीवर जुलै 2020 पासून ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीची मालिका लागायची, तिला ना रिचार्ज लागायचा ना रेंज. (लाइट लागायची, हा भाग वेगळा.) सोलापूर शहरात नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच पाठ रंगवले. विडी आणि कापड कामगारांची ती वस्ती, घरोघरी मोबाइल कुठून आणणार? पोरं अंतर ठेवून भिंतीपाशी उभी राहून वाचायची. मला तो प्रकार सगळ्यात शहाणपणाचा वाटला, कारण भिंतीपाशी वाचणाऱ्या पोराला येणारं-जाणारं माणूस टोकतं. ‘ध’ला ‘घ’ म्हणालास की कुणीतरी हटकतंच.

खरी गोम इथे आहे. पहिली-दुसरीत पोराला माहिती द्यायची नसते, त्याचं ऐकायचं असतं. ते वाचतंय की पाठ म्हणतंय, ‘भ’ आणि ‘म’ वेगळे ओळखतंय का, काना-मात्रा लागला की अडखळतंय का, पेन्सिल मुठीत धरतंय का. वजाबाकीत दशक का सुटा करायचा हे चिंचोके आणि काड्यांचे गठ्ठे हातात घेऊन सोडल्याशिवाय कळत नाही. व्हिडिओ कितीही गोड असो, तो बोलतो, ऐकत नाही. नववी-दहावीचं पोरगं व्हिडिओ थांबवून, मागे घेऊन शिकतं. सहा वर्षांचं पोरगं नुसतं बघतं.

लोक लगेच परितेवाडीचं उदाहरण देतात. माढा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, तिथले रणजितसिंह डिसले यांना क्यूआर कोडच्या पुस्तकांसाठी 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, बक्षीस दहा लाख डॉलर. आमच्या जिल्ह्याला अभिमान आहेच. पण त्यावरून ‘क्यूआर कोड आला, आता मास्तर नको’ असा अर्थ काढणारे भेटले की मला राग येतो. तिथे रोज शिकवणारा मास्तर होता. पुस्तकातला कोड ही त्याच्यावरची भर.

ऑस्ट्रेलियाचं ऐकून तर तुम्हाला माझं म्हणणं आणखी पटेल. तिथल्या वाळवंटात गुरांचे मोठमोठे वाडे, शेजारी शेकडो किलोमीटरवर. तिथल्या पोरांसाठी ॲलिस स्प्रिंग्जमधून 1951 मध्ये रेडिओवरची शाळा सुरू झाली, विमानाने फिरणाऱ्या डॉक्टरांसाठी जी रेडिओ यंत्रणा होती तिच्यावरच. लांबून शिकवण्याचा हा जगातला गाजलेला नमुना. मात्र त्यात रेडिओचा वेळ दिवसात थोडाच असायचा. बाकीचा अभ्यास टपालाने आलेल्या गठ्ठ्यातून घरीच व्हायचा, आणि तो करून घ्यायला पोराजवळ मोठं माणूस लागायचंच. बहुतेक ठिकाणी आई, जमत असेल तिथे पगारावर ठेवलेली मुलगी. आता रेडिओच्या जागी उपग्रहावरचं इंटरनेट आलंय, पण ते घरचं माणूस अजून तिथेच बसलेलं आहे.

आपल्या शेजारीही एक प्रयोग झाला होता. ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 असं वर्षभर अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत टीव्ही दाखवला गेला. त्यात आपल्या सीमेपलीकडचे गुलबर्गा, विजापूर, रायचूर हे जिल्हे होते. सकाळी शाळकरी मुलांचे कार्यक्रम, संध्याकाळी शेतकऱ्यांचे. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला. शाळा आणि मास्तर जिथले तिथे.

अलीकडचं उदाहरण आफ्रिकेतल्या बोट्स्वानाचं. तिथेही 2020 मध्ये शाळा बंद होत्या. काही घरांना नुसते गणिताचे मेसेज पाठवले, काही घरांना मेसेजसोबत आठवड्याला वीसेक मिनिटांचा फोन केला. पालक आणि मूल दोघांना स्पीकरवर घेऊन एखादं गणित सोडवून घ्यायचं. नुसत्या मेसेजचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही, फोन आलेल्या घरांतल्या मुलांचं गणित सुधारलं. साध्या बटणाच्या फोनवर होणारं काम आहे हे.

आता तुमच्या भावाच्या वस्तीचं बघू. टॅबला घालायचे पैसे घ्या आणि आसपासच्या वस्तीवर आठवी-नववीची एखादी हुशार पोरगी किंवा बारावी झालेली सूनबाई शोधा. तिला दर महिन्याला ठरलेले पैसे द्या, फुकट सांगू नका. फुकटचं काम सुगी आली की बंद पडतं. ती रोज तासभर बसेल: अर्धा तास मोठ्याने वाचून घेणे, पाव तास चिंचोक्यांवर गणित, पाव तास लिहिणे. मुलगी तिसरीत आहे ना, तिच्यापुढे आजच दुसरीचं पुस्तक ठेवा आणि मधलं कुठलंही पान वाचायला सांगा. अडखळली तर तिसरीचा अभ्यास बाजूला ठेवून तिथून सुरुवात करा, लाजण्यासारखं काही नाही. आणि तुम्ही स्वतः दर रविवारी पुण्याहून फोन करा. ‘अभ्यास केला का’ असं विचारू नका, त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं. गोष्ट वाचून दाखव म्हणा.

आणि एक, पोरांचं नाव शाळेच्या पटावरून काढू नका. काही जण ‘घरी शिकवतो, पुढे बाहेरून परीक्षेला बसवू’ म्हणतात. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, पण ते सुरू होतं पाचवीच्या स्तरापासून, त्यालाही वयाची किमान दहा वर्षं लागतात. तुमच्या पोरांना त्याचा आज उपयोग शून्य.

शिवाय सोय करून देणं हे सरकारचं काम आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. नसेल तर मुलांना नेण्या-आणण्याची व्यवस्था मागता येते. भावाला म्हणावं, वस्तीवरच्या सगळ्या पालकांच्या सह्यांचा अर्ज करा, मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुखांकडे द्या, एक प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. एकट्याच्या अर्जाला कोण विचारत नाही, आठ-दहा पोरांची यादी जोडली की फाइल हलते. मेंढरं घेऊन किंवा ऊसतोडीला घर हलत असेल तर निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. ते दाखवलं की जिथे जाल तिथल्या शाळेत पोराला बसता येतं.

राहिलं ॲप. टॅब घेतलाच असेल तर ‘दीक्षा’ टाका, फुकट आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड त्याने स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. वस्तीवर रेंज नसेल तर आठवडी बाजाराला सांगोल्यात आल्यावर तिथे आठवड्याचे धडे डाउनलोड करून न्यायचे, मग नेट लागत नाही. पुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात, पण पहिलीच्या पोराला कागदाचंच पुस्तक द्या, ते शाळेतून मिळतं. टॅबचं कुलूप शिकवणाऱ्या पोरीच्या हातात ठेवा, पासवर्ड भावालाही सांगू नका. त्यालाही क्रिकेट बघायचं असतं.