विद्यार्थी म्हणून आफ्रिकेतल्या खेड्यात पाणी-शेतीच्या प्रोजेक्टवर व्हॉलंटिअरिंगला जावं का? खरंच काही उपयोग होतो का?

तू लिहिलंयस की सिव्हिलच्या थर्ड इयरला आहेस, जून-जुलैत सहा आठवडे केनियाला जायचंय, संस्था त्यासाठी दीड लाखाच्या वर फी मागतेय आणि घरचे म्हणतायत की एवढीच हौस असेल तर मराठवाड्यात जा. (वयानं लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.)

मी जाऊन आलोय. मूळचा सोलापूरचा, नेदरलँड्सला मास्टर्स करत होतो तेव्हा २०१८ च्या जूनमध्ये आमचा सात जणांचा ग्रुप केनियातल्या किटुई काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) गेला होता. नैरोबीच्या पूर्वेला, कांबा लोकांचा मुलूख, सगळा दुष्काळी पट्टा. काम सँड डॅमचं.

आपल्याकडं केटी (कोल्हापुरी) बंधाऱ्यात गाळ साठला की बोंबाबोंब होते, इथं उलटं, भिंत घालायची तीच मुळी मागं वाळू भरावी म्हणून. नदी वर्षातले थोडेच दिवस वाहते, तळाला खडक लागतो अशी जागा बघून आडवी भिंत बांधतात, एक ते तीन पावसाळ्यांत ती वाळूनं भरते आणि मग पाणी राहतं ते त्या वाळूच्या पोकळ्यांत, भरलेल्या वाळूच्या साधारण २५ ते ४० टक्के. वर कितीही ऊन तापू दे, दोन-तीन फूट खालचं पाणी फारसं उडत नाही, डास होत नाहीत, जनावरं त्यात बसत नाहीत. बायका कोरड्या नदीत झिरे खणून पाणी आधीपासून भरतच होत्या, डॅममुळे तेच झिरे जास्त महिने टिकतात एवढंच. हे वाचून लगेच गावाकडं ट्राय करायला जाऊ नकोस, तिकडं ग्रॅनाइट-नाइससारखा खडक आहे, त्याची जाडसर वाळू होते, आपल्या काळ्या पाषाणातून बहुतेक गाळच येतो आणि गाळ पाणी धरतो पण सोडत नाही.

आता आमचं काम काय, तर दगड वाहणं. तिथं म्वेथ्या म्हणून पद्धत आहे, गावातले लोक गट करून एकमेकांची आणि सार्वजनिक कामं करतात, आपल्या इर्जिकीसारखंच. गटात बहुतेक बायकाच. आम्ही सात जणांनी दिवसभरात जेवढे दगड वाहिले तेवढे त्यातल्या चौघींनी न्याहारीच्या आधी वाहिले असतील, वर आमच्यातल्या एकाला उन्हाची चक्कर आली तेव्हा त्याला सावलीत बसवायला परत दोन बायका कामावरनं गेल्या. मजुरीचा हिशोब लावला तर आमच्या विमानाच्या तिकिटात गावातल्या गवंड्यांना किती दिवस काम मिळालं असतं हा विचार पहिल्याच आठवड्यात आला आणि मग तो काही गेला नाही.

शेतावर तर माझी अजूनच फजिती. उतारावर चर खणत होतो आणि मी गावाकडं श्रमदानात सलग समतल चर खणलेले, त्यामुळे जरा फुशारकीतच होतो. माती काढून सवयीनं खालच्या अंगाला टाकत गेलो, दहा-पंधरा फूट झालं असेल, तर एक आजी फावडं टेकवून ओरडायला लागल्या, "जुऊ! जुऊ!" त्या पद्धतीचं नावच फान्या जुऊ, म्हणजे ढोबळमानानं 'वर टाक'. माती चराच्या वरच्या बाजूला टाकायची, त्या बांधावर गवत लावायचं, मग वरनं वाहून येणारी माती बांधाला अडत जाते आणि काही वर्षांत उताराची आपोआप पायरी होते. मी टाकलेली सगळी माती परत उचलून वर टाकली. आजी शेवटपर्यंत बघत उभ्या होत्या.

मग उपयोग काय झाला माझा? झाला थोडा, पण तो ब्रोशरमध्ये नव्हता. जुन्या एका डॅमशेजारच्या विहिरीवर हापसा होता, अफ्रीदेव्ह म्हणून तिकडं खूप चालतो तो, आणि आठ महिने बंद. आधीच्या कुठल्यातरी बॅचनं भोवतीचा कट्टा निळ्या रंगानं रंगवून त्यावर हातांचे ठसे उमटवलेले, ते तसेच. खराब काय झालेलं, तर आतलं रबरी सील, किरकोळ वस्तू. हा पंप गावातल्या माणसाला एका पान्यानं उघडता यावा अशाच हिशोबानं डिझाइन केलाय. पण पाना होता हापशाच्या कमिटीच्या जुन्या खजिनदाराच्या घरी, त्याचं आणि कमिटीचं वर्गणीवरनं वाजलेलं, आणि पाना मागायला जायचं कुणी हा प्रश्न! शेवटी तिथला एक मेकॅनिक मला मोटरसायकलवर मागं बसवून घेऊन गेला, परदेशी पाहुण्याला नाही कसं म्हणणार म्हणून खजिनदारानं चहा पाजून पाना दिला. अर्ध्या तासात हापसा चालू. पुढचे तीन आठवडे मी दगड सोडले आणि त्या मेकॅनिकबरोबर आसपासच्या १४ हापशांची यादी केली, कुठला चालू, कुठला बंद, कुठला पार्ट पाहिजे, पाना कुणाकडं, वर्गणी रोख की एम-पेसावर (मोबाइलवरनं पैसे द्यायची तिकडची सोय).

त्यात एका शाळेत खोल बोअरवर इंडिया मार्क टू हा आपल्याकडचा हापसा भेटला. मला आधी वाटलं डोळ्यांना भास होतोय, मामाच्या गावच्या मारुतीच्या पारासमोर अगदी हाच, तोच आवाज. परत आल्यावर वाचलं तेव्हा कळलं की १९७० च्या दशकात युनिसेफ वगैरेंनी हा बनवला तो आधीच्या सोलापूर पंपावरनं सुधारून. मी सोलापूरचा आणि मला हे किटुईत जाऊन कळावं! दणकट आहे, पण मूळच्या डिझाइनमध्ये आतला पिस्टन काढायचा तर सगळी पाइपलाइन वर ओढावी लागते, तिपाई आणि पाच-सहा माणसं लागतात, तेवढ्यासाठीच पुढं अफ्रीदेव्हसारखे पंप आले.

आणि एक प्रश्न जो माझ्या कायम लक्षात राहिलाय. तिकडं तूर होते, म्बाझी म्हणतात, आणि मूगही. एका शेतकऱ्यानं मी भारतातला हे कळल्यावर पहिलंच विचारलं की तुम्ही आमची तूर घेणं का कमी केलं? ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या सरकारनं तूर आयातीवर मर्यादा घातली होती, त्याच वर्षी आपल्याकडं शेतकरी खरेदी केंद्राबाहेर तूर घेऊन रांगेत उभे होते. मी त्याला ते सांगितलं. तो म्हणाला, मग तुमच्याकडंही भाव नाही आणि आमच्याकडंही नाही, खातंय कोण? मला काही उत्तर देता आलं नाही.

तुझ्यासाठी मुद्द्याचं सांगतो. जून-जुलै तिकडं कोरडा काळ, डॅम बांधायला बरोबर, पण किटुईत भरवशाचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा आणि खरी पेरणी तेव्हाची. त्यामुळे संस्था 'शेती प्रोजेक्ट' म्हणत असेल तर विचार की त्या सहा आठवड्यांत शेतात नेमकं काय चालू असतं. तीन वर्षांपूर्वी बांधलेल्या कामांची यादी माग आणि आज त्यातली किती चालू आहेत ते विचार. तिथला इंजिनिअर किंवा मेकॅनिक कोण, त्याच्याशी फोनवर बोलता येईल का ते विचार. उडवाउडवी केली तर पैसे भरू नकोस. तुला सर्व्हे येतोय, लेव्हल लावता येते, एक्सेल येतं, एवढं त्यांना कामाचं आहे, पण त्यासाठी तुला त्या मेकॅनिकच्या हाताखाली दिलं पाहिजे, फोटोसाठी भिंतीवर उभं करून नाही.

घरच्यांचं मराठवाड्याचं म्हणणं चुकीचं नाही, उलट तिथं भाषेची अडचण नाही. मी तुझ्या जागी असतो तर ही सुट्टी मराठवाड्यातच एखाद्या गावातल्या बंद हापशांची यादी करण्यात घालवला असता आणि केनियाला पुढच्या वर्षी सेमिस्टर जमवून ऑक्टोबरात गेलो असतो. जायचं ठरलंच तर यलो फीव्हरची लस निघायच्या दहा दिवस आधी तरी घे आणि ते कार्ड पासपोर्टबरोबरच ठेव, परत येताना आपल्याच विमानतळावर मागतात, मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरना विचार. कुठली काउंटी आणि काम कसलं ते कळव, मेकॅनिक अजून व्हॉट्सॲपवर आहे, तिकडचंच असेल तर त्याला विचारून सांगतो.