बेळगावहून गोव्याला भाजी न्यायला इलेक्ट्रिक पिकअप घ्यावी का?

रोजची पणजी फेरी असेल तर आत्ता नको, डिझेलच ठेवा.

टाटा एस ईव्ही १००० या इलेक्ट्रिक पिकअपची कागदावरची रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) १६१ किमी, माल नेण्याची क्षमता एक टन. चोर्ला घाटातून पणजी एका बाजूनेच शंभराच्या वर जाते. म्हणजे गोव्यात चार्जिंग केल्याशिवाय परत येणं नाही, आणि पहाटे माल उतरवून लगेच फिरणाऱ्याला तेवढं थांबणं परवडत नाही. शिवाय आपल्याकडे एक टनावर थांबतो कोण? खाली कोबीची पोती, वर टोमॅटोचे क्रेट, दोरी आवळेपर्यंत भरायचं!

घाटाची भीती मात्र लोक उगाच घालतात. जाताना भरलेली गाडी घाट उतरते, येताना रिकामी चढते. उतारावर वेग कमी करताना थोडी वीज बॅटरीत परतही जाते.

गावातल्या गावात किराणा, किंवा खानापूर-बेळगाव दूध असेल तर बिनधास्त घ्या. तिथे रोजचा खर्च डिझेलपेक्षा बराच कमी येतो. रात्री घरीच १५ अँपिअरच्या सॉकेटला लावायची. फक्त आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, जुन्या घरांत ते नावालाच असतं.