एफ आणि बी मायनर का लागत नाहीत: ताकदीआधी नट, मनगट आणि मधलं बोट तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिटार शिकायला लागून सहा महिने झाले, सी, जी, डी, ई मायनर, ए मायनर हे कॉर्ड स्वच्छ लागतात, पण एफ धरला की दुसरी आणि पहिली तार मुकी, बी मायनरला नुसता खडखडाट, आणि दोन मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी कळ. बोटं लहान म्हणून होतंय, की हातात ताकद नाही?

बहुतेक वेळा दोन्ही नाही. बार कॉर्डमध्ये, म्हणजे तर्जनी तारांवर आडवी टाकून धरायच्या कॉर्डमध्ये, आडवं बोट सहाही तारांवर दणकून दाबायचं असतं या समजुतीनेच निम्मं नुकसान होतं. एफचा आकार सहाव्या म्हणजे जाड तारेपासून असा: 1-3-3-2-1-1. प्रत्येक आकडा म्हणजे ती तार कितव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या आणि त्यांच्यामधली घरं) दाबायची ते. पाचवी तार अनामिका धरते, चौथी करंगळी, तिसरी मधलं बोट. तर्जनीच्या वाट्याला उरल्या सहावी, दुसरी आणि पहिली. मधल्या तीन तारांवर तर्जनी नुसती पडून असली तरी चालतं. बी मायनरमध्ये (सहावी बंद, मग 2-4-4-3-2) तर तर्जनीला पाचवी आणि पहिली एवढ्या दोनच तारा दाबायच्या आहेत. उलट एफ मायनरला (1-3-3-1-1-1) एक बोट कमी लागतं, पण तर्जनीवर सहावी, तिसरी, दुसरी, पहिली अशा चार तारा येतात. म्हणून दिसायला सोपा असूनही तो जास्त छळतो.

आता बोटांकडे वळण्याआधी गिटार तपासा. नवी, स्वस्तातली अकूस्टिक पुष्कळदा नटच्या (मानेच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) खाचा उंच ठेवूनच दुकानात येते, आणि त्याचा सगळा त्रास पहिल्या फ्रेटवर होतो, नेमका जिथे एफ आहे तिथे. एक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार व धातूची पट्टी यांच्यात किती फट राहते ते बघा. कागद जेमतेम सरकेल एवढी हवी. जाड पुठ्ठा सहज जात असेल तर खाच उंच आहे. दुसरी चाचणी कॅपोची, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणाऱ्या चिमट्याची: कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा आणि हाच आकार एक फ्रेट पुढे, म्हणजे दुसऱ्यावर धरा. कॉर्ड एकदम सुटसुटीत वाजला तर दोष नटचा, तुमच्या हाताचा नाही. दुरुस्ती करणाऱ्याकडून खाचा घासून घ्या. घरी कानस चालवू नका; खाच एकदा जास्त खोल गेली की मोकळी तार झणझणते आणि मग नटच बदलावा लागतो.

बाराव्या फ्रेटवर तारेची उंचीही मोजा, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत, स्टीलच्या पट्टीने. सहावीला सुमारे 2.5 मिमी आणि पहिलीला 2 मिमी असेल तर ठीक. 3 च्या वर असेल तर बार कॉर्डला नाहक कष्ट पडणार. सॅडल (पेटीवरच्या ब्रिजमधली, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) खालून घासून उंची कमी करतात. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरवायचा तर सॅडल साधारण 1 मिमी कमी करावा लागतो. मुंबई, कोकण, गोव्याकडे राहत असाल तर ही मोजणी पावसाळ्यात पुन्हा करा. दमट हवेत वरची फळी फुगते, ब्रिज उचलला जातो आणि मे महिन्यात बरी असलेली गिटार ऑगस्टमध्ये जड लागते. तारा 12 च्या असतील (पहिली तार 0.012 इंच) तर 11 किंवा 10 चा संच लावून बघा. यात कमीपणा काही नाही.

गिटार ठीक आहे असं धरून पुढे. शिकायला पहिला फ्रेट निवडूच नका. 648 मिमी स्केलच्या (नट ते सॅडल तारेची लांबी) गिटारवर पहिल्या फ्रेटची रुंदी 36 मिमी असते, पाचव्याची 29. शिवाय नटजवळ तार वाकायला जास्त जोर मागते. पाचव्या फ्रेटवर तोच आकार म्हणजे 5-7-7-6-5-5, ए मेजर. तो स्वच्छ लागला की तिसऱ्यावर (जी), मग दुसऱ्यावर, सगळ्यात शेवटी पहिल्यावर या.

मनगटाचं एक बघा. हात गिटारशिवाय पुढे धरा, मनगट तळव्याच्या बाजूला पूर्ण वाकवा आणि मूठ आवळा. मूठ नीट मिटत नाही. एफ धरताना तुमचं मनगट असंच मोडलेलं असेल तर बोटांत जोर येणार कुठून? गिटारची मान आडवी किंवा खाली झुकलेली असली की हेच होतं. गिटारचं खुंट्यांकडचं टोक साधारण खांद्याच्या उंचीपर्यंत वर घ्या, डावं कोपर थोडं शरीराकडे आणा. कोपर आत आलं की तर्जनी आपोआप किंचित वळते आणि अंगठ्याकडची हाडाळ कड तारांवर येते. सपाट, मांसल बाजूने दाबाल तर तारा पेरांच्या मधल्या मऊ भागात रुततात.

अंगठा मानेच्या मागे मधोमध किंवा जरा खाली, मधल्या बोटाच्या समोर. कळ येते ती अंगठ्याने चिमटा घट्ट धरल्यामुळे. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग गिटारच्या पेटीवर टेकवून पेटी अंगाशी धरा, डावा अंगठा मानेवरून पूर्ण काढा आणि पाचव्या फ्रेटचा ए नुसता हात मागे ओढून वाजवा. सगळ्या तारा बोलणार नाहीत, पण बरंचसं काम हाताच्या वजनाने होतं हे कळेल. मग अंगठा परत ठेवा, आधारापुरता.

आता मुकी तार. सगळ्या तारा एकदम छेडून काही समजत नाही. सहावीपासून एकेक तार छेडा. तुमची दुसरी तार मुकी आहे, तर कॉर्ड धरलेला असताना फक्त मधलं बोट उचला आणि ती तार परत छेडा. आता वाजली? म्हणजे तर्जनी निर्दोष आहे. मधलं बोट तिसऱ्या तारेवर आडवं पडून त्याचा पोटाकडचा भाग दुसरीला टेकतोय. ते शेंड्यावर उभं करा, नखं कापा. तरीही मुकीच राहिली तर तार तर्जनीच्या सांध्याच्या घडीत बसतेय. पूर्ण बोट 2-3 मिमी वर किंवा खाली सरकवा, घडी तारेवरून हलेल. पहिली तार मुकी असेल तर बोट फार वर गेलंय किंवा त्याचं मूळ मानेपासून सुटलंय. चौथी मुकी असेल तर करंगळी. ती फ्रेटला जवळजवळ चिकटून हवी. बोट फ्रेटपासून जितकं मागे, तितका जोर जास्त आणि झणझणाट जास्त.

सरावाला दिवसातून दोनदा पाच मिनिटं पुरे. दाबा, छेडा, दाब सोडा पण बोटं तारांवरच ठेवा, दोन सेकंद थांबा, पुन्हा; असं दहा वेळा. सतत दाबून धरण्यापेक्षा हे सोडणं जास्त शिकवतं. स्नायू थकणं चालेल. मनगटात टोचणारी कळ किंवा बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवशी थांबा.

आकार हातात बसवायला साधा ई धरा, पण मधलं बोट, अनामिका आणि करंगळीने, तर्जनी मोकळी ठेवून. मग तिन्ही बोटं एक फ्रेट पुढे सरकवा आणि शेवटी तर्जनी आडवी टाका: एफ. हेच ए मायनर तीन बोटांनी धरून दोन फ्रेट पुढे नेलं की बी मायनर. सीवरून एफवर जाताना अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटलाच असते, ती उचलूच नका. तिच्याभोवती बाकीची बोटं फिरतात. बरेच जण आधी तर्जनी टाकून मग बाकी शोधत बसतात, त्यातच ताल सुटतो. मेट्रोनोम (ताल देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा आणि सी चार ठोके, एफ चार ठोके. एफ अर्धवट लागला तरी ठोका चुकवू नका.

तोवर गाणी थांबवायची गरज नाही. एफऐवजी चौथी ते पहिली या चार तारांवर 3-2-1-1, यात तर्जनी दोनच तारा धरते. बी मायनरऐवजी बी मायनर सेव्हन, सहावी बंद आणि पुढे 2-0-2-0-2 (0 म्हणजे मोकळी तार), बहुतेक जागी खपून जातो. बी मायनर धरताना तर्जनीचं टोक सहाव्या तारेला नुसतं टेकलेलं असू द्या, म्हणजे ती आपोआप बंद राहते.

बी मेजर मात्र वेगळं प्रकरण आहे. तिथे अनामिकेने चौथी, तिसरी, दुसरी एकदम दाबायची आणि शेवटचं पेर उलटं वाकवून तर्जनीने धरलेली पहिली तार अनामिकेच्या स्पर्शापासून सुटी ठेवायची. ज्यांचं पेर तसं वाकतच नाही त्यांनी पहिली तार बंद पडू दिली तरी कॉर्ड पूर्णच असतो, कारण तिच्यातला एफ शार्प चौथ्या तारेवर आहेच.