प्रश्न: अलास्कातल्या उत्कियाग्विकला एप्रिल ते ऑगस्ट पर्माफ्रॉस्टवर (वर्षभर गोठलेल्या जमिनीवर) फील्डवर्क करायचं आहे. अनुदान मंजूर झाल्यावर स्थानिक इनुपियाट लोकांशी संपर्क साधला तर चालेल का?

नाही चालणार. प्रस्ताव लिहायला घेण्याआधीच बोला, निदान वर्षभर आधी.

पहिलं कारण जमिनीचं. १९७१ च्या कायद्यानं अलास्कातल्या मूलनिवासींचे जमिनीचे दावे मिटवले तेव्हा गावोगाव कंपन्या स्थापन झाल्या आणि जमिनी त्यांच्या नावावर झाल्या. उत्कियाग्विकची (म्हणजे २०१६ पर्यंतचं बॅरो) कंपनी उक्पियाग्विक इनुपियाट कॉर्पोरेशन, बोलताना 'यूआयसी'. भागधारक तिथलेच इनुपियाट. १९९२ मध्ये त्यांनी गावाजवळची ७,४६६ एकर टुंड्रा संशोधनासाठी राखून ठेवली. तुमचं काम बहुधा तिथेच होईल. जमिनीची परवानगी यूआयसीची, नॉर्थ स्लोप बरोची (बरो म्हणजे जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन) परवानगी वेगळी, आणि गावाचं ट्रायबल सरकार, म्हणजे मूलनिवासींचं स्वतःचं सरकार, तिसरं. एकाचा होकार मिळाला म्हणजे तिघांचा मिळाला असं धरून चालणारे बरेच जण तिथे पोचल्यावर अडकतात.

गोव्याच्या एनसीपीओआर या ध्रुवीय संशोधन संस्थेतर्फे 'हिमाद्री'वर, म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या भारतीय संशोधन केंद्रावर, जाऊन आलेल्या कुणाचा सल्ला घेतला असेल, तर त्यातला अस्वलांचा आणि थंडीचा भाग जरूर घ्या. पण स्वालबार्डमध्ये मूलनिवासी वस्ती कधी नव्हतीच, त्यामुळे हा सगळा व्यवहार तिथे शिकायला मिळत नाही.

आता तुमच्या तारखा. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत बोहेड देवमाशाच्या शिकारीचा हंगाम असतो. त्या काळात ड्रोन, खालून उडणारं हेलिकॉप्टर, समुद्रावरच्या बर्फाच्या कडेकडे विनाकारण नेलेलं स्नोमशीन (बर्फावरची मोटारगाडी), यातलं काहीही करायचं झालं तर आधी शिकारी कप्तानांच्या संघटनेला विचारायचं. देवमासा हाती लागला की गाव मांस कापण्या-वाटण्यात गुंतलेलं असतं. त्या दिवशी तुमचा बेअर गार्ड (अस्वलांपासून राखण करणारा स्थानिक माणूस) आला नाही तर ती कामचुकारी नव्हे. आठवड्यातून एक दिवस मोकळा धरूनच वेळापत्रक आखा.

आणि इथेच पर्माफ्रॉस्टवाल्यांची खरी पंचाईत होते. खांब, बॅटऱ्या, ड्रिल असं जड सामान जमीन गोठलेली आणि वर पुरेसा बर्फ असतानाच स्लेजवरून न्यावं लागतं. वितळलेल्या टुंड्रावरून गाडी गेली की झाडोरा चिरडतो, खालचा बर्फ वितळतो, जमीन खचून पाणी साचतं. तो चर कित्येक दशकं बुजत नाही. म्हणजे वाहतूक बर्फ वितळायच्या आत हवी, आणि नेमक्या त्याच वेळी स्नोमशीन आणि वाटाड्ये समुद्रावर असतात. त्यामुळे एप्रिल विसरा, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सामान पोचवून टाका. गावाला बाहेरून येणारा रस्ता नाही. बार्ज (मालवाहू सपाट जहाज) उन्हाळ्यातच येते, आणि लिथियम बॅटऱ्या विमानानं पाठवायच्या तर धोकादायक मालाचे कागद लागतात. त्या बॅटऱ्या शून्याखाली चार्ज करू नका, खराब होतात.

खांब रोवायचेही तेव्हाच. उन्हाळ्यात वितळणारा वरचा थर साधारण ३० ते ५० सेंटिमीटरचा. खांब तेवढाच खोल असेल तर दर हिवाळ्यात गोठणारी माती त्याला थोडा थोडा वर उचलते आणि तुमची उंचीची मोजमापं वाया जातात. कायम गोठलेल्या थरात निदान मीटरभर भोक पाडा, भोवती वाळू-पाण्याचा काला ओता आणि तो पूर्ण गोठू द्या. केबल धातूच्या नळीतून न्या, नाहीतर कोल्हे आणि लेमिंग कुरतडतात.

बजेटमध्ये बेअर गार्डची रोजंदारी स्वतंत्र ओळीत दाखवा. दोन ठिकाणी काम चालणार असेल तर गार्डही दोन. त्याच्याकडे बाराबोअरची बंदूक असते, पण त्याचं मुख्य काम आजूबाजूला नजर ठेवणं. त्याच्या हातात प्रोब (जमिनीत खुपसून खोली मोजायची सळई) किंवा वही देऊन त्याला मदतनीस बनवलंत की पहारा संपला. धुकं दाटल्यावर तो 'परत फिरू' म्हणाला तर परत फिरायचं. तिथे प्रमुख संशोधकाचा हुद्दा चालत नाही.

स्थानिकांचं म्हणणं केवळ शिष्टाचार म्हणून ऐकायचं नसतं. १९७७ मध्ये देवमाशांच्या शिकारीवरच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं बोहेडची शिकार बंद केली, कारण अंदाजे संख्या फार कमी भरत होती. शिकारी सांगत होते की मोजणी चुकते आहे: बर्फाच्या कडेला उभं राहून दिसतात तेवढेच मोजता, पण देवमासे बर्फाखालून आणि दूरच्या पाण्यातूनही जातात. पुढे बरोच्या शास्त्रज्ञांनी पाण्यात हायड्रोफोन (पाण्याखालचे मायक्रोफोन) सोडून आवाज टिपले, तेव्हा शिकाऱ्यांचंच खरं निघालं. २०११ च्या मोजणीचा अंदाज १६,००० च्या वर आहे. तुमच्याही प्रस्तावात जागा निवडतानाच स्थानिक माणूस हवा, आणि तोही मानधन घेऊन.

काम संपल्यावर निकाल साध्या भाषेत गावात सांगा, आकडेवारीची प्रत बरोला द्या. जे खांब मागे राहणार असतील त्यांचे जीपीएस अक्षांश-रेखांश शोध-बचाव पथकाकडे आणि यूआयसीकडे नोंदवा आणि खांबांना उंच झेंडे लावा. बर्फात दडलेल्या खांबावर अंधारात स्नोमशीन आदळलं तर माणूस दगावू शकतो, आणि तिथे सूर्य नोव्हेंबरच्या मध्यावर मावळतो तो थेट २२-२३ जानेवारीच्या सुमारास उगवतो.