पहिला कंट्रोलर घेताना

डीजे व्हायचं म्हणून थेट मोठा सेट घ्यायचा म्हणतोस, पण भावा, थांब जरा. आधी लॅपटॉपवर मिक्स नावाचं, गाणी एकमेकांत मिसळायचं सॉफ्टवेअर टाक. स्पेलिंगमध्ये तीन एक्स आहेत. पूर्ण फुकट. रोज बसलास तर महिनाभरात कळेल आवड टिकते का.

मग दोन चॅनलचा, म्हणजे एकावेळी दोन गाणी हाताळणारा कंट्रोलर घे. लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर हाताने चालवायचं यंत्र ते. पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स ४ चांगला. तो जोडला की रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरवर वाजवायला वेगळे पैसे लागत नाहीत. तेवढं बजेट नसेल तर जुना डीडीजे-४०० सेकंडहँड बघ. घेताना प्रत्येक फेडर (आवाजाची सरकती पट्टी) हळूहळू वरखाली करून ऐक, खरखर आली तर सोडून दे. आणि हेडफोनचं आउटपुट हवंच. त्याशिवाय पुढचं गाणं कानात जुळवणार कसं?

दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणाऱ्या सिंक बटणावर विसंबू नकोस. आपली ढोलकी-हलगीची जुनी गाणी माणसांनी वाजवलेली, लय मध्येच किंचित सरकते आणि सॉफ्टवेअरची ग्रिड, म्हणजे ठोक्यांची आखणी, तिथे चुकते. एक कान हेडफोनमध्ये, दुसरा स्पीकरकडे, जॉग व्हीलला (कंट्रोलरवरच्या गोल चकतीला) बोटाने हलका धक्का. हे मी सहा महिने घोटलं तेव्हा कुठे हात बसला.

गाणी मात्र विकत घे, ३२० केबीपीएसची, म्हणजे चांगल्या दर्जाची. कुठूनतरी उतरवलेलं गाणं मोठ्या स्पीकरवर चिरकतं.