मिस्त्रीला थांबवा, आधी कापसाचा बोळा घ्या

नमस्कार. तुम्ही विचारलंय की आजोबांच्या टेबल ग्रामोफोनची लाकडी पेटी काळपट, चिकट झालीय, झाकणावर पांढरट ढग आलाय, आणि पॉलिशवाला मिस्त्री म्हणतोय की घासून काढू, वर पी.यू. (पॉलियुरेथेनचं चकचकीत पॉलिश) मारू, नवाकोरा दिसेल. करू द्यावं का, आणि त्यानं किंमत वाढेल का?

नका करू देऊ. पेटी साफ जरूर करा, पण घासू देऊ नका. वर बसलाय तो मळ, आणि खाली आहे ते पॉलिश. पॉलिश पेपरला त्यातला फरक कळत नाही.

मीही वडोदऱ्याचाच, दांडिया बाजारातला. साधारण वीस वर्षांपूर्वी मी स्वतः शेजारी उभा राहून आमच्या घरच्या ग्रामोफोनची पेटी घासून घेतली आणि वर मेलामाइनचं पॉलिश मारून घेतलं. झाकणाच्या आतलं कुत्र्याचं आणि कर्ण्याचं सोनेरी चित्र त्यात गेलं. पेटीच्या उजव्या अंगाला, चावीच्या भोकाशी, कमानीसारखा एक झिजलेला पट्टा होता. चावी भरताना आजोबांची बोटं तिथं घासायची. तोही गेला. संध्याकाळी वडील आले, त्या जागेवरून अंगठा फिरवला आणि न बोलता आत निघून गेले. यंत्र अजून वाजतं, पण ती पेटी आता कुठल्याही दुकानातल्या टेबलासारखी दिसते. म्हणून इतकं लिहितोय.

त्या काळच्या बऱ्याच पेट्यांवर लाखेचं पॉलिश असायचं. लाख म्हणजे कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर किडा जी राळ सोडतो ती. तिचा चपडा, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचे पातळ तुकडे, स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि मलमलीच्या बोळ्यानं थरावर थर चढवायचे. या पॉलिशचा मोठा गुण असा की ते कधीही स्पिरिटनं पुन्हा विरघळतं, त्यामुळे जुन्या थरात नवा थर मिसळून जातो. शंभर वर्षांनीही ते दुरुस्त होऊ शकतं. पी.यू.चं तसं नाही. ते एकदा बसलं की नंतर खरवडण्याशिवाय इलाज नाही. १९२० च्या दशकाच्या शेवटाकडे कारखान्यांत फवाऱ्यानं मारायचं लॅकरही आलं, तेव्हा तुमच्या पेटीवर नेमकं काय आहे ते आधी बघून घ्या. मागच्या बाजूला, तळाशी, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा एक थेंब लावा. मिनिटभरात चिकट झालं तर लाख. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं चिकटलं तर लॅकर. दोन्हीला ढिम्म राहिलं तर नंतर कुणीतरी वरून काहीतरी मारलंय.

आता सफाई. माझ्या आत्याचा ग्रामोफोन रावपुऱ्यातल्या जुन्या घरात माळ्यावर होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माळ्यापर्यंत काही आलं नाही, पण घर पुढं कित्येक दिवस ओलं राहिलं. झाकणावर तुम्ही म्हणता तसाच पांढरा ढग आला आणि एका कोपऱ्यात वरचा पातळ लाकडी पापुद्रा (व्हिनियर) सुटला. या पापुद्र्याला खालून सरस लावलेला असतो, आणि सरस ओलाव्यानं सुटतो. पेटीवर ओलं फडकं फिरवायचं नाही ते याचसाठी.

मी आधी ती पेटी तीन आठवडे कोरड्या खोलीत नुसती ठेवली. उन्हात नाही, उन्हानं पॉलिश तडकतं. मग मऊ ब्रशनं धूळ काढली. नंतर कापूस मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवून, पिळून, एका वेळी तळहाताएवढी जागा पुसली. टर्पेंटाइननं जुनं मेण आणि स्वयंपाकघराचा तेलकट धूर निघतो, लाखेला मात्र काही होत नाही. पहिला बोळा चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी झाला, दुसराही तसाच. अकराव्या की बाराव्या बोळ्याला रंग फिका पडला आणि खाली ओकचे तिरपे, रेशमासारखे चमकणारे पट्टे दिसायला लागले. आत्या बाजूला बसून बघत होती. म्हणाली, "अरे, हा तर लाल होता! मी काळाच समजत होते." घासलं कुठंच नव्हतं. उरलेल्या डागांना साबणाच्या पाण्याचा जेमतेम दमट बोळा लावला आणि लगेच कोरड्या फडक्यानं टिपलं.

पांढरा ढग म्हणजे लाखेत अडकलेला ओलावा. तो बऱ्याचदा नुसत्या कोरड्या हवेनं फिका होतो. राहिलाच तर बोळ्याला नावापुरतं स्पिरिट लावून तो झाकणावरून भरभर, न थांबता फिरवायचा. जिथं हात थांबेल तिथं पॉलिश उचकटून येतं. हे काम हातात बसलेलं नसेल तर आधी जुन्या खुर्चीवर करून बघा, किंवा लाखेचं पॉलिश येणारा जुना कारागीर शोधा. सुटलेला पापुद्रा कोमट सरस लावून दाबून ठेवायचा, फेविकॉल नको.

जवसाचं किंवा खोबरेल तेल लावा, असा सल्ला पुष्कळ जण देतील, पण लावू नका. जवसाचं तेल काळं पडतं, घट्ट होतं आणि मग निघता निघत नाही. चमक आणणारे सिलिकॉनचे फवारेही नकोत. निकेलच्या भागांना पितळेचं पॉलिश लावू नका, तो मुलामा फार पातळ असतो. कर्णा काळ्या रंगाचा असेल तर त्याला नुसतं मेण पुरे. आणि हे नीट लक्षात ठेवा: पेटीला वापरलेलं स्पिरिट तबकडीला कधीही लागू देऊ नका. आमच्याकडे गायक फैयाज खाँसाहेबांच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या काही तबकड्या आहेत. त्याही लाखेच्याच, दगडाची पूड आणि काजळी घालून दाबलेल्या. स्पिरिटनं त्यांच्यातली लाख विरघळते आणि गाणं पुसलं जातं.

पूर्ण नवं पॉलिश कधीच करू नये असं मी म्हणत नाही. वाळवी लागली असेल, पॉलिश उडून उघडं लाकूड राहिलं असेल किंवा कुणी ऑइल पेंट फासला असेल तर करा, पण लाखेचंच. आणि एक खात्री करून घ्या. तुम्ही आजोबांचा म्हणता तेव्हा तो खराच असेल, पण चकचकीत पितळी कर्णा, खडबडीत पेटी आणि वर कुत्र्याचा कागदी स्टिकर असे जुळवलेले नकली ग्रामोफोन आपल्याकडे बाजारात भरपूर आहेत. तसा असला तर त्याला पी.यू. मारलं तरी माझी हरकत नाही.

किमतीचंही विचारलंत. जाणकार संग्राहक मूळ पॉलिशच्या, थोड्या झिजलेल्या पेटीला घासून चमकवलेल्या पेटीपेक्षा जास्त मान देतात. पण तुम्हाला विकायचाच नसेल तर तो विचार सोडा.

मिस्त्रीला आज फोन करून येऊ नका म्हणून सांगा. मग झाकण उघडून आतलं चित्र शाबूत आहे का ते बघा. असेल तर त्यावरून फक्त कोरडा मऊ ब्रश फिरवा. टर्पेंटाइनही नको आणि पाणीही नको.