टपली म्हणजे मार नव्हे

चि. सानूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "मामा जाता-येता माझ्या डोक्यावर मारतो आणि आजी नुसती हसते. सांगलीत मुलांना मारलेलं चालतं का?" घाईघाईत काहीतरी सांगून टाकण्यासारखा हा प्रश्न नव्हता, म्हणून गोथेनबर्गहून हे पत्र.

आधी माराचं सांगते. मुलांवर हात उगारायला इथे स्वीडनने १९७९ साली बंदी घातली, अगदी आईबाबांनाही. असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. भारतातही शाळेत मुलांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे. माझ्या लहानपणी हातावर पट्टी सर्रास बसायची. ते वाईटच होतं. 'आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो' असं कुणी तुला सांगितलं, तरी ते खरं मानू नकोस.

मामा मारतो ती मात्र टपली. पुढच्या वेळी त्याचा हात नीट बघ. बोटं जुळलेली पण सैल असतात, हात मनगटातूनच हलतो आणि बोटांची टोकं डोक्याला लागतात न लागतात तोच मागे येतो. बरोबर काहीतरी बोलणंही असतं, "काय गं शहाणे!" किंवा "अगं वेंधळे, चष्मा डोक्यावरच आहे की!" रागावलेला माणूस टपली मारत नाही. त्याचा धपाटा पाठीत बसतो आणि शेजारच्या खोलीत ऐकू जातो. आजी 'धम्मक लाडू देऊ का, की चापटपोळी?' असं विचारते ना, तो खाऊ नव्हे, या धपाट्याचीच धमकी आहे. आजीने ती कधी खरी केल्याचं मला तरी आठवत नाही.

टपली कुणी कुणाला मारायची हे कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. मोठा भाऊ धाकट्या बहिणीला, मामा भाचीला, मैत्रीण मैत्रिणीला. आजोबांना मात्र नाही. मोठ्यांच्या पायाला हात लावायचा, डोक्याला नाही. आणि आपला पाय चुकून कुणाला लागला तर लगेच नमस्कार करायचा, हे तू पाहिलंच असशील. नुकत्याच ओळख झालेल्या माणसाने टपली मारली तर तो आगाऊपणा. टपली मारायला आधी जवळीक लागते.

मामेभावंडांना सांग, तुला फुलांचा खेळ शिकवा. दोन गट करायचे, प्रत्येकाला फुलाचं नाव द्यायचं. एका गटाचा म्होरक्या समोरच्या गटातल्या कुणाचे तरी डोळे झाकतो आणि आपल्यातल्या मोगऱ्याला किंवा शेवंतीला हाक मारतो, की ये आणि टपली मारून जा. ती चोरपावलांनी येते, टपली मारते आणि जागेवर जाऊन साळसूद चेहऱ्याने बसते. मग डोळे उघडायचे आणि कोण ते ओळखायचं. फार जोरात मारणारी लगेच ओळखू येते, म्हणून हात आपोआप हलका होतो. लपाछपीत राज्य असलेल्याच्या पाठीवर 'धप्पा' देतात, तोही असाच. धप्पा बसला की बिचाऱ्यावर पुन्हा राज्य!

बोलण्यातही हे सगळे स्पर्श आहेत. कुणाची गोड थट्टा केली तर ती कोपरखळी, जरा झोंबेल असं बोललं तर चिमटा काढला, मोठ्यांनी समज दिली तर कानपिचक्या, आणि मनातून खूश झालो तर गुदगुल्या. आजोबा पेपर वाचताना 'चांगला चिमटा काढलाय' म्हणाले, तर कुणाला दुखलं का म्हणून घाबरू नकोस.

आता महत्त्वाचं. मामाच्या मनात माया आहे याबद्दल मला शंका नाही, तो माझा दादा आहे. पण डोकं तुझं आहे. टपली आवडत नसेल, किंवा एरवी आवडते पण केस विंचरताना नको वाटते, तर "मामा, डोक्याला हात नको" असं सरळ सांग. यात उद्धटपणा नाही. तो थांबेल. नाहीच थांबला तर आजीला सांग, मग तिचा धपाटा त्याच्या पाठीत.

आणि आवडत असेल, तर मामा पेपरात डोकं घालून बसला की मागून जा. मामाला चालतं, मी विचारून ठेवलंय.

तुझी,
आई